आखूड तारेचा खर्ज: शॉर्ट-स्केल बेस आणि त्याचे ॲम्प्लिफायर

मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिराच्या दुकानात गेले की भिंतीला टेकवून ठेवलेले दोन प्रकारचे तंबोरे शेजारीशेजारी दिसतात. पुरुष गायकासाठी केलेला तंबोरा उंच असतो, त्याचा भोपळा मोठा असतो आणि घोडीपासून वरच्या मेरूपर्यंतची तार लांब असते. स्त्री गायिकेसाठी केलेला तंबोरा त्या मानाने बुटका असतो आणि त्याची तार आखूड असते. कारण सरळ आहे. गायिकेचा षड्ज गायकाच्या षड्जाहून बराच चढा असतो, आणि चढ्या स्वरासाठी आखूड तार सोयीची पडते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तारेच्या लांबीचे हे गणित येथील कारागिरांच्या हातात त्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेले आहे.

मी सांगलीत राहतो आणि बरीच वर्षे बेस गिटार वाजवतो आहे. शॉर्ट-स्केल बेस म्हणजे काय, हे कोणी विचारले की मी या दोन तंबोऱ्यांपासूनच सुरुवात करतो, कारण शॉर्ट-स्केल बेस नेमका या गणिताच्या विरुद्ध जातो. त्याची तार आखूड असते, पण स्वर चढत नाही. लांब बेसची सर्वांत जाड तार ज्या स्वराला लावतात, त्याच स्वराला आखूड बेसचीही लावतात. हे कसे साधते आणि ते साधताना काय गमवावे लागते, हे समजले की तारा कोणत्या घ्याव्यात, ॲम्प केवढा घ्यावा आणि त्याची बटणे कुठे ठेवावीत, या पुढच्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

स्केल म्हणजे तारेची बोलणारी लांबी, म्हणजे वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत जेवढी तार प्रत्यक्ष कंप पावते तेवढे अंतर. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याची स्केल ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. साधारण ३० ते ३१ इंचांच्या बेसला शॉर्ट-स्केल म्हणतात. उभ्या डबल बेसची तार यापेक्षा कितीतरी लांब, सुमारे ४१-४२ इंचांची असते, तर साध्या इलेक्ट्रिक गिटारची २५ इंचांच्या आसपास. म्हणजे ३४ इंच हे निसर्गाने नेमून दिलेले माप नव्हे. तीही एक तडजोडच होती, आणि ३० इंच ही तिच्या शेजारची दुसरी तडजोड आहे.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर इंचाचे वजन. लांबी कमी केली की स्वर चढतो, ताण वाढवला की चढतो आणि वजन वाढवले की उतरतो. बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. गायकाचा तंबोरा काळी एकला लावला, तर त्याची खर्जाची तार सुमारे ६९ कंपनांची असते. बेसची जाड तार तिच्याही बरीच खाली उतरते. आता तीच तार, तेवढ्याच जाडीची, ३४ इंचांच्या बेसवरून काढून ३० इंचांच्या बेसवर चढवली आणि तिला त्याच स्वरावर आणायचे ठरवले, तर ताण कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. किती कमी, हेही निश्चित सांगता येते: ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. लांब बेसवर जी तार १६ किलोंच्या ताणावर बसते, ती आखूड बेसवर साडेबारा किलोंवर येते. ताण पूर्वीइतकाच ठेवायचा असेल तर तारेचे वजन २८ टक्क्यांनी वाढवावे लागते, म्हणजे तिची जाडी साधारण १३ टक्क्यांनी वाढते.

हातात वाद्य घेतल्यावर जाणवणाऱ्या बऱ्याच गोष्टी या एका आकड्यातून येतात. तार सैल असल्यामुळे बोटाला मऊ लागते, दाबायला कमी जोर पुरतो आणि मींडेसारखी ओढ घेणे सोपे जाते. पण सैल तार जास्त रुंद झोके घेते, त्यामुळे जोरात छेडली की फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, खरखरते. शिवाय डाव्या हाताने गरजेपेक्षा जास्त दाबली तर तिचा स्वर चटकन चढा होतो. लांब बेसवर वर्षानुवर्षे जोर लावून वाजवलेल्या माणसाला पहिल्या दिवशी आखूड बेस बेसुरा वाटतो, तो यामुळे. वाद्यात दोष नसतो. हाताला जुन्या ताणाची सवय असते. मला स्वतःला ही सवय मोडायला दोन-अडीच महिने लागले.

दुसरा परिणाम बोटांच्या पसाऱ्याचा. पहिला फ्रेट नटपासून लांब बेसवर ४८ मिलिमीटरांहून थोडा अधिक दूर असतो, आखूड बेसवर सुमारे ४३ मिलिमीटर. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण बेस वाजवणारा बहुतेक वेळ पहिल्या ते चौथ्या फ्रेटच्या टापूत चार बोटे पसरून असतो, आणि तेथे लांब बेसवर जवळजवळ १३० मिलिमीटरांचा पसारा लागतो, तर आखूड बेसवर ११४ मिलिमीटरांत भागते. माझ्याकडे शिकायला येणारी नववीतली एक मुलगी लांब बेसवर करंगळी वापरायचीच नाही. ती कंटाळा करते असे मी सुरुवातीला समजलो आणि तसे तिला बोललोही. एके दिवशी माझा ३० इंची बेस तिच्या हातात दिला आणि तिची करंगळी आपोआप चौथ्या फ्रेटवर जाऊन बसली. त्या दिवसापासून मी कोणालाही हात लहान आहे म्हणून सराव वाढवायला सांगत नाही; आधी माप बघतो. माझे मनगट पन्नाशीच्या जवळ येताना दुखू लागले, तेव्हा मीही याच कारणाने आखूड बेसकडे वळलो.

तिसरा परिणाम ध्वनीचा आहे आणि तो थोडा खोलात जाऊन समजून घ्यावा लागतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून षड्जाबरोबर गंधारही ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, कारण तो कोणत्याही तारेला लावलेला नसतो. तार एकाच वेळी आपल्या पूर्ण लांबीत, अर्ध्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागात कंप पावते आणि पाचव्या भागाचे कंपन म्हणजे तो गंधार. बेसच्या तारेतूनही असेच उपस्वर निघतात आणि आवाजातली धार, स्पष्टपणा, बोटाचा ठसका हे सारे त्या उपस्वरांतून येते. हे उपस्वर मूळ स्वराच्या अगदी दुप्पट, तिप्पट, चौपट असावेत अशी अपेक्षा असते, पण ती तार पूर्ण लवचीक असेल तरच पुरी होते. खरी तार, विशेषतः जाड तार, थोडी सळईसारखी वागते. तिच्या ताठपणामुळे वरचे उपस्वर किंचित चढे होतात आणि लवकर विझतात. एकच तार आखूड लांबीवर, उतरलेल्या ताणावर लावली की हा ताठपणाचा परिणाम ३० आणि ३४ इंचांच्या तुलनेत सुमारे १.६ पट वाढतो. म्हणून आखूड बेसचा आवाज गोलसर, मऊ, मूळ स्वराला धरून राहणारा असतो, आणि लांब बेसच्या जाड तारेत पियानोसारखी जी लखलखीत किनार असते ती त्यात कमी असते. पाच तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे ३१ कंपनांची असते. तिच्यासाठी कित्येक कारागीर ३५ इंचांची स्केल पसंत करतात, त्यामागे हेच कारण आहे. आखूड स्केलवर ती तार लावता येते, पण तिच्याकडून स्पष्टतेची फार अपेक्षा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आखूड बेस म्हणजे नवशिक्याचे वाद्य, त्याचा आवाज चिखलासारखा, असा एक समज बराच पसरलेला आहे, आणि तो मला मनापासून चुकीचा वाटतो. त्याचे मूळ शोधले तर ते तारेच्या लांबीपेक्षा पिकअपच्या, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संदेशात बदलणाऱ्या भागाच्या, जागेत सापडते. गिब्सन या गिटार कंपनीने १९५३ मध्ये व्हायोलिनच्या आकाराचा ३०.५ इंची बेस काढला आणि पुढे १९५९ मध्ये ईबी-० हे मॉडेल आणले. त्यात एकच भलामोठा पिकअप होता आणि तो फिंगरबोर्डच्या टोकाला चिकटून बसवलेला होता. तार मध्याकडे जितकी जास्त हलते तितका मूळ स्वर जाड मिळतो आणि उपस्वर त्या मानाने दबतात. ब्रिजजवळ नेमके उलटे होते. त्या पिकअपला वादकांनी पुढे मडबकर, म्हणजे चिखल्या, असे टोपणनाव दिले. दोष जागेचा आणि पिकअपच्या घडणीचा होता, पण बदनाम झाली ती आखूड स्केल. त्याच घराण्यातला ईबी-३ बेस दोन पिकअपांचा होता आणि क्रीम या रॉक गटाच्या जॅक ब्रूस यांनी तो वाजवून किती टोकदार आवाज काढला, हे त्यांचे वादन ऐकणाऱ्या कोणालाही कळते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेला हॉफनरचा व्हायोलिन बेस ३० इंचांचाच. जॅझवादक स्टॅन्ली क्लार्क यांच्या हातातला अलेम्बिक बेसही शॉर्ट-स्केलच आहे, आणि त्यांच्या वादनाला कोणी चिखल म्हणणार नाही. फेंडरनेही १९६६ मध्ये मस्टँग नावाचा ३० इंची बेस काढला. तो विद्यार्थ्यांसाठी म्हणून आला आणि व्यावसायिक वादकांनी उचलला.

तेव्हा आखूड बेस घेताना लांबीइतकेच पिकअप कुठे आहे हे बघावे. तारेच्या मध्यापासून ब्रिजकडे थोडा सरकलेला पिकअप असेल तर आखूड तारेचा गोलवा आणि बोटाची स्पष्टता या दोन्ही गोष्टी हाती राहतात. दुकानात बसूनच तपासण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे तोल. काही आखूड बेसचे अंग हलके आणि डोके जड असते, त्यामुळे पट्टा गळ्यात घालून हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते, आणि मग दोन तास डावा हात स्वर दाबण्याऐवजी वाद्य तोलण्यातच शिणतो. कातडी, रुंद, आतून खरखरीत पट्ट्याने हे थोडे आवरते, पूर्ण जात नाही.

तारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. वाद्यांच्या साध्या दुकानात मिळणारी बेसची तार बहुधा लांब स्केलची असते. ती आखूड बेसवर लावली तर चार इंच तार जास्त होते आणि जो भाग खुंटीभोवती गुंडाळायचा तो पूर्ण जाडीचा निघतो, कारण तार निमुळती होण्याची जागा त्याच्या पुढे असते. जाड तार बारीक खुंटीवर नीट वळत नाही, निसटते आणि स्वर टिकत नाही. अशी तार कापायचीच वेळ आली तर आधी ती काटकोनात वाकवावी आणि वाकलेल्या जागेच्या पुढे कापावी. सरळ तार कापली की वरचे वेष्टन आतल्या गाभ्यावरून सैल होते आणि तार कायमची मुकी होते. मी पहिल्यांदा हे न कळता कापली आणि नवी तार अर्ध्या तासात फेकून द्यावी लागली. खरा उपाय म्हणजे शॉर्ट-स्केलसाठीच केलेला संच मागवणे. मात्र ब्रिजच्या मागून तार घालायची आहे की अंगाच्या आरपार, हे आधी मोजून घ्यावे, कारण आरपार घालायच्या बेसला जास्त लांब तार लागते.

जाडीचे म्हणाल तर, बाजारातले बरेच आखूड संच लांब संचाच्याच जाडीचे असतात, म्हणजे ताण उतरणारच असे गृहीत धरून चालावे. ज्यांना घट्ट तार हवी त्यांनी जाड संच घ्यावा, पण जाड तार अधिक ताठ असते हे विसरू नये. ताण परत मिळतो आणि स्पष्टता थोडी जाते. मी मधल्या जाडीची राउंडवाउंड तार वापरतो, जिच्यावरचे वेष्टन गोल तारेचे असते आणि म्हणून उपस्वर भरपूर असतात. फ्लॅटवाउंड तारेचे वेष्टन चपट्या पट्टीचे असते. ती बोटाला गुळगुळीत लागते, तिचा आवाज ठोस आणि कमी धारेचा असतो, आणि भावगीतांच्या कार्यक्रमात ती सुंदर बसते. आखूड बेसवर फ्लॅटवाउंड लावून वर ॲम्पवरचे बेसचे, म्हणजे खालच्या स्वरांचे, बटण वाढवले, की मात्र कोणता स्वर वाजला हे श्रोत्यांना कळेनासे होते. तार बदलली की ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तार जिथे टेकते तो सरकता तुकडा, पुन्हा लावून बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येतो का, हे तपासावे लागते. आखूड बेसच्या जाड तारेचे सॅडल बरेच मागे न्यावे लागते, आणि काही स्वस्त ब्रिजमध्ये तेवढी जागाच नसते.

इथपर्यंतचा सगळा आवाज अजून वायरीत आहे. तो हवेत आणणे हे बेसचे खरे अवघड काम. ४१ कंपनांच्या स्वराची हवेतली लहर आठ मीटरांहून लांब असते. खालचा स्वर जितका खोल, तितकी जास्त हवा स्पीकरच्या पडद्याला ढकलावी लागते: तेवढ्याच तीव्रतेसाठी स्वर एक सप्तक खाली गेला की पडद्याची हालचाल चौपट व्हावी लागते. म्हणून गिटारच्या ॲम्पमध्ये बेस लावला की पातळ पडद्याचा स्पीकर फडफडतो आणि थोड्या दिवसांत फाटतो. पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारी लहर पुढच्या लहरीला मारून टाकते, म्हणून तिला कोंडायला मजबूत पेटी लागते. पेटीला भोक ठेवून ती लहर वळवून वापरली की त्याच पेटीतून खालचा स्वर जास्त मिळतो. बंद पेटीत खालचा आवाज सावकाश उतरत जातो, भोकाच्या पेटीत तो एका ठिकाणापर्यंत भरदार राहतो आणि त्याखाली एकदम कोसळतो. तिथे पडदा मोकाट हलू लागतो, आणि आवाज न येताच स्पीकर दमतो. ॲम्पवर हाय-पास फिल्टर असेल तर तो ३५ ते ४० कंपनांवर लावून ठेवावा. सर्वांत खालच्या स्वरापेक्षा खोल असलेली हाताची धपधप आणि स्टेजची घरघर त्यात गाळली जाते आणि ॲम्पची शक्ती कामाच्या स्वरांना मिळते.

शक्तीचे आकडे लोकांना फार चकवतात. १०० वॉटऐवजी २०० वॉटचा ॲम्प घेतला की आवाज दुप्पट होत नाही; तो फक्त ३ डेसिबलने वाढतो, जो फरक जेमतेम लक्षात येतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट, एका कॅबिनेटऐवजी, म्हणजे स्पीकरच्या पेटीऐवजी, ३ डेसिबल जास्त संवेदनशील कॅबिनेट निवडले, तर ॲम्पची शक्ती दुप्पट केल्याइतकाच लाभ होतो. म्हणून पैसे मोजके असतील तर ते आधी चांगल्या कॅबिनेटवर खर्च करावेत. ॲम्पेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी नावाचा ३०० वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प आणला. त्याच्याबरोबर दहा इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट असे आणि नुसते हेडच, म्हणजे स्पीकरविना ॲम्पच, पस्तीस किलोंच्या पुढे जाई. आज क्लास-डी तंत्राचा ५०० वॉटचा हेड अडीच-तीन किलोंचा असतो आणि पाठीवरच्या पिशवीत मावतो, कारण हे तंत्र विजेचा फारच थोडा भाग उष्णतेत घालवते. सांगलीहून जत-आटपाडीकडे एसटीने कार्यक्रमाला जाणाऱ्या माणसाला या तीन किलोंची किंमत कळते.

त्या ५०० वॉटखाली बारीक अक्षरात ४ ओहम लिहिलेले असते, ते वाचावे. ८ ओहमचे एकच कॅबिनेट लावले की त्या ॲम्पमधून साधारण अर्ध्याहून थोडी अधिक शक्तीच बाहेर येते. तसेच दुसरे ८ ओहमचे कॅबिनेट जोडले की भार ४ ओहम होतो, ॲम्प पूर्ण शक्ती देतो, शिवाय पडद्याचे क्षेत्र दुप्पट होते, आणि हा फरक खरोखर छातीत जाणवतो. तिसरे जोडायचा मोह टाळावा. भार तीन ओहमच्याही खाली जातो आणि ४ ओहमचा ॲम्प तापून बंद पडतो किंवा जळतो. मंगल कार्यालयात कोणाचे तरी जादा कॅबिनेट पडलेले असते आणि ते सहज जोडले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता शॉर्ट-स्केल आणि ॲम्प यांची गाठ. आखूड बेसमध्ये मूळ स्वर आधीच भरलेला असतो आणि वरचे उपस्वर लवकर विझतात. तरीही आवाज बारीक वाटला की बहुतेकजण ॲम्पवर बेसचे बटण पुढे सरकवतात. मला हे नेमके उलटे करावे असे वाटते: बेसचे बटण मधोमध किंवा किंचित मागे, आणि २५० ते ८०० कंपनांच्या पट्ट्यातला मिड, म्हणजे मधल्या स्वरांचा भाग, थोडा पुढे. यामागे कानाचा एक गुण आहे. खालच्या स्वराचा दुप्पट, तिप्पट आणि चौपट उपस्वर स्पष्ट ऐकू आला, तर मूळ स्वर प्रत्यक्षात फार क्षीण असला तरी कान तो स्वतः भरून काढतो. हे स्वयंभू गंधाराच्या उलट आहे: तंबोऱ्यात तारेने न लावलेला वरचा स्वर खरोखर वाजत असतो, आणि इथे न वाजणारा खालचा स्वर मेंदू जोडून घेतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही गाण्यातला बेस ओळखू येतो तो यामुळेच. म्हणजे छोट्या कॅबिनेटवर आखूड बेसचा खालचा स्वर जास्त ऐकू यावा असे वाटत असेल, तर त्याचे उपस्वर सांभाळायचे. ढोलक, डग्गा आणि ऑक्टोपॅडवरची किक यांनी खालचा पट्टा आधीच व्यापलेला असतो; त्यांच्यात घुसण्याऐवजी त्यांच्या डोक्यावरून बोलणारा बेस सभागृहाच्या शेवटच्या रांगेत स्पष्ट पोचतो.

खोलीचे म्हणाल तर आपल्या घरांतली सरावाची खोली बहुधा १० बाय १२ फुटांची असते. दोन समांतर भिंतींमध्ये लहर अडकते, तेव्हा १२ फुटांच्या अंतरावर सुमारे ४७ कंपनांचा आणि १० फुटांच्या अंतरावर सुमारे ५६ कंपनांचा स्वर घुमू लागतो. बेसची मोकळी ए तार ५५ कंपनांची आहे. त्यामुळे घरी ती तार दणदणते आणि शेजारचे स्वर दुबळे वाटतात, आणि माणूस त्यासाठी वाद्याला किंवा तारेला दोष देतो. वाद्य निवडताना एकाच खोलीतल्या अनुभवावर विसंबू नये. ॲम्प कोपऱ्यात ठेवला की ही घुमार वाढते. भिंतीपासून थोडा दूर आणि खुर्चीवर उचलून कानाच्या दिशेने ठेवला की तोच ॲम्प बोलका होतो. पत्र्याच्या छताच्या कार्यालयात आणि आतून पोकळ असलेल्या लाकडी स्टेजवर तर खुर्ची लागतेच. रात्री दहानंतर सराव करायचा असेल तर हेडफोनच वापरावा. खोल स्वर भिंतीला जुमानत नाही, आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

आमच्याकडे कार्यक्रमात बहुतेकदा ॲम्प नसतोच. साउंडवाले बेसची वायर थेट मिक्सरमध्ये घालतात. साध्या, बॅटरी नसलेल्या बेसचा पिकअप फार दुबळा संदेश देतो आणि त्याला सुमारे १० लाख ओहमची इनपुट हवी असते. मिक्सरची लाइन इनपुट अनेकदा १० हजार ओहमच्या आसपास असते. ती पिकअपला दाबून टाकते आणि वरचे उपस्वर मरतात. आखूड बेसमध्ये ते आधीच कमी, त्यामुळे नुकसान जास्त जाणवते. यावर डीआय बॉक्स हा छोटा डबा आहे. तो बेसला हवी तशी इनपुट देतो आणि पुढे लांब केबलमधून गोंगाट न पकडणारा संतुलित संदेश पाठवतो. मी माझा डबा नेहमी गिटारच्या पिशवीत ठेवतो. त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचे बटण असते आणि आपल्या विजेच्या जोडण्यांमध्ये ते बहुमोल ठरते. दोन वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतली की अर्थिंगचे कडे तयार होऊन ५० कंपनांची घूं सुरू होते, आणि बेसवादकाला ती सर्वांत जास्त छळते, कारण जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ कंपनांचा आहे. त्या स्वरापेक्षा किंचित चढी अशी ही घूं सतत कानात राहिली की आपलाच स्वर उतरल्यासारखा वाटतो. ती घालवण्यासाठी काही जण ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढतात. असे कधीही करू नये. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज तारांमधून सरळ बोटांत येते. आवाजाची वायर वेगळी करायची असते, सुरक्षेची नव्हे, आणि ग्राउंड लिफ्ट नेमके तेवढेच करते.

आता माझ्या खांद्यावर जे असते ते असे: ३० इंची बेस, त्याला शॉर्ट-स्केलचाच मधल्या जाडीचा संच, दहा इंची दोन स्पीकरांचे ८ ओहमचे एक कॅबिनेट, हलका क्लास-डी हेड, आणि डीआयचा डबा. कार्यालयात पोचल्यावर मी सगळी बटणे मधोमध ठेवतो, हाय-पास चालू करतो, मोकळी ए तार छेडतो आणि कुठे घुमते ते ऐकत हॉलच्या मागच्या दारापर्यंत चालत जातो. एखादा सहकारी तोवर बेस हातात घेऊन तीच तार वाजवत राहतो. परत येऊन मिड किती पुढे न्यायचा ते ठरवतो, ढोलकवाल्यांना एकदा ठेका धरायला सांगतो, आणि त्यांच्या डग्ग्याच्या आत माझा स्वर वेगळा ऐकू आला की वायर नीट गुंडाळून पायाखालून बाजूला करतो.